एकच चित्र अनेक टेलिव्हिजन-संचांवर कसें पोंचवावें?

ज्या वस्तूचा उपयोग एकाला होतो ती अनेकांच्या उपयोगीं कशी पडेल, हा प्रश्न मनुष्याला फार जुना आहे. पोथीची नक्कल करणाऱ्या लेखकापुढें तो होता, आणि विहिरीचें पाणी पाटानें शेतोशेतीं नेणाऱ्या शेतकऱ्यापुढेंही तो होता. आज तोच प्रश्न आपल्या शाळांपुढें निराळ्या रूपानें उभा आहे. स्नेहसंमेलनाच्या दिवशीं सभागृह भरून जातें, व्हरांड्यांत उभें राहावयासही जागा उरत नाहीं, आणि मग शेजारच्या वर्गांत टेलिव्हिजनचे संच लावून रंगमंचावरील कार्यक्रम तेथेंही दाखवावा, अशी सूचना पुढें येते. सूचना उत्तम असते. परंतु घाईनें खरेदी होते, तारा ओढल्या जातात, आणि ऐन वेळीं कांहीं संच काळेच राहतात. एखाद्यावर चित्र क्षणांत येतें व क्षणांत जातें. त्या वर्गांत बसलेल्या पालकांना आपल्या मुलाचा आवाज भिंतीपलीकडून ऐकूं येतो, पण मूल दिसत नाहीं. खर्च झालेला पैसा मात्र वर्गणीचा, म्हणजे पुष्कळदां त्याच पालकांचा असतो.

ही फजिती बहुधा यंत्रांच्या दोषामुळें होत नसून निवडीच्या दोषामुळें होते, असें आमचें मत आहे. योग्य निवड करावयास मोठ्या विद्येची आवश्यकता नाहीं. दुकानाची पायरी चढण्यापूर्वीं चार प्रश्नांचीं उत्तरें कागदावर लिहिलेलीं असलीं म्हणजे पुरे. ते प्रश्न कोणते, व त्यांच्या उत्तरांवरून यंत्र कसें ठरतें, हें या लेखांत सांगण्याचा आमचा विचार आहे. परंतु त्याआधीं चित्राचा प्रवास कसा होतो तें थोडक्यांत पाहिलें पाहिजे.

एके काळीं ही गोष्ट फार सोपी होती. आपल्या देशांत टेलिव्हिजनचें प्रक्षेपण दिल्ली येथें १५ सप्टेंबर १९५९ रोजीं सुरू झालें, आणि मुंबईस २ ऑक्टोबर १९७२ रोजीं. त्या काळीं छपरावर अँटेना उभारून तिची तार खालीं घरांत आणीत. दोन संच असल्यास त्या तारेस एक लहानशी डबी जोडून तिचे दोन फांटे करीत. प्रत्येक फांट्यास निम्म्याहून थोडी कमी शक्ति मिळे. पडद्यावर मुंग्या दिसूं लागल्या तर शक्ति वाढविणारें यंत्र मध्यें बसवीत, कीं काम भागे. तार संचाला कांहीं विचारीत नसे आणि संचही तारेला कांहीं सांगत नसे. पाटाच्या पाण्यासारखा तो प्रवाह एकाच दिशेनें वाहत असे.

हल्लींच्या स्पष्ट चित्राची, म्हणजे ज्यास हाय डेफिनिशन म्हणतात त्याची, गोष्ट निराळी आहे. अशा पडद्यावर आडव्या ओळींत १,९२० व उभ्या ओळींत १,०८० बिंदु असतात. गुणाकार केल्यास एकंदर २०,७३,६०० बिंदु होतात. प्रत्येक बिंदूचा रंग सांगावयास २४ बिट, म्हणजे शून्य किंवा एक अशा २४ खुणा, लागतात. आणि चित्र सेकंदास ६० वेळां नवें करावयाचें असतें. विद्यार्थ्यांनीं हा गुणाकार स्वतः करून पाहावा. उत्तर २,९८,५९,८४,००० येईल, म्हणजे सेकंदास जवळजवळ तीन अब्ज खुणा! हें चित्र व त्याचा ध्वनि एका यंत्रांतून दुसऱ्यांत नेणाऱ्या तारेस एचडीएमआय म्हणतात. तिचें पहिलें प्रमाण सन २००२ च्या डिसेंबरांत ठरलें. तींत व्यवस्थेसाठीं लागणाऱ्या जादा खुणा धरल्या तर हाच आंकडा साडेचार अब्जांच्या जवळ जातो.

येथें कोणी विचारील कीं, एवढा प्रचंड प्रवाह छपरावरील तबकडींतून किंवा इंटरनेटच्या तारेंतून घरांत शिरतो तरी कसा? उत्तर असें कीं, तो तसा शिरतच नाहीं. तो घडी घालून येतो. नऊवारी लुगडें घडी केलें म्हणजे पेटीच्या एका कोपऱ्यांत मावतें, आणि उलगडलें कीं अंगण व्यापतें. तसेंच चित्राचें आहे. मागच्या व पुढच्या चित्रांत जो भाग सारखाच आहे तो पुनः न पाठवितां केवळ बदल तेवढा पाठवावयाचा, अशा युक्तीनें घडी घातलेल्या चित्रास सेकंदास साधारणतः एक कोटीच्या आसपास खुणा पुरतात. सेट-टॉप बॉक्स म्हणून जी पेटी आपण संचाशेजारीं ठेवतों, तिचें मुख्य काम ही घडी मोडण्याचें. म्हणून चित्र अनेक संचांना वांटावयाचें म्हटलें कीं दोनच मार्ग संभवतात: घडी मोडल्यानंतर वांटणें, किंवा घडी असतांनाच वांटणें. पहिल्यांत चित्र तत्काळ व निर्दोष मिळतें, पण तें अवजड असल्यामुळें दूर नेणें कठीण. दुसऱ्यांत तें हलकें असल्यामुळें वाटेल तितक्या दूर व वाटेल तितक्या संचांना नेतां येतें, पण घडी घालण्यास व मोडण्यास वेळ लागतो. बाजारांत यंत्रांचीं नांवें अनेक असलीं, तरी सर्वांच्या मुळाशीं हा एकच भेद आहे.

दुसरी नवी गोष्ट अशी कीं, आतां तार मुकी राहिलेली नाहीं. एचडीएमआयच्या तोंडाशीं १९ बारीक स्पर्शपट्ट्या असतात. त्यांतील बहुतेक चित्र व ध्वनि नेण्याच्या कामीं लागतात. परंतु कांहीं पट्ट्या संवादासाठीं राखून ठेविलेल्या आहेत. तार जोडतांच संच आपलें ओळखपत्र मागें पाठवितो: ‘मी इतक्या बिंदूंचें चित्र दाखवूं शकतों, अमुक प्रकारचा ध्वनि वाजवूं शकतों.’ या ओळखपत्रास एडिड असें नांव आहे. मूळ यंत्र तें वाचून त्याप्रमाणें चित्र पाठवितें. एकास एक संच असतां हें ठीक चालतें. पण एका यंत्रास सहा संच जोडले तर कोणाचें ओळखपत्र खरें धरावयाचें? वांटणी करणारें यंत्र कधीं पहिल्याच संचाचें ओळखपत्र पुढें करतें, तर कधीं सर्वांना झेपेल असें समान चित्र मागतें. म्हणून पांच नवे संच व एक जुना अशी जोडणी केली, तर पांचांवरही जुन्याच्या ऐपतीचें चित्र येण्याचा, अथवा जुना काळाच राहण्याचा संभव असतो. यास्तव, कोणतें ओळखपत्र दाखवावयाचें तें आपणांस ठरवितां येईल अशी कळ ज्या यंत्रावर आहे, तेंच पसंत करावें.

ओळखपत्रानंतर किल्लीची देवघेव होते. चित्रपटांची व मालिकांची चोरटी नक्कल होऊं नये म्हणून तीं चित्रें कुलूपबंद करून पाठवितात. या कुलुपास एचडीसीपी म्हणतात. साखळींतील प्रत्येक यंत्राला आपली किल्ली दाखवावी लागते, आणि एकानें जरी ती न दाखविली तरी त्याच्या पुढील पडदा काळा राहतो. चौपट बिंदूंच्या, म्हणजे फोर-के जातीच्या, चित्राला बहुधा या कुलुपाची २.२ ही नवी आवृत्ति लागते; जुन्या यंत्रांना ती उघडतां येत नाहीं. शाळेच्या स्वतःच्या कॅमेऱ्यांतून येणाऱ्या चित्रास बहुधा असें कुलूप नसतें, हें आपलें भाग्य. हें कुलूप काढून टाकणारीं यंत्रेंही बाजारांत ‘सोय’ म्हणून विकलीं जातात. त्यांच्या वाटेस शाळेनें जाऊं नये. हक्कधारकाचा हक्क बुडविण्याच्या हेतूनें असें कुलूप फोडणें हा सन २०१२ च्या दुरुस्तीपासून आपल्या प्रताधिकार कायद्याप्रमाणें गुन्हा आहे; आणि कायदा नसता तरी विद्यार्थ्यांदेखत तें करणें शोभलें नसतें.

आतां ते चार प्रश्न पाहूं. पहिला: सर्व संचांवर एकच चित्र पाहिजे कीं प्रत्येकावर निराळें? दुसरा: मूळ यंत्रापासून प्रत्येक संच किती अंतरावर आहे? हें अंतर पक्ष्याच्या उड्डाणाचें नव्हे, तारेच्या वाटेचें मोजावें. तार भिंतीवर चढते, छताच्या कडेनें जाते, दरवाजाला वळसा घालते व पुनः खालीं उतरते; डोळ्यांना पंचवीस मीटर वाटणारा वर्ग मोजपट्टीनें चाळीस मीटर भरतो. तिसरा: चित्र पोंचण्यास थोडा विलंब झाला तर चालेल काय? चौथा: आज संच किती, आणि पुढील पांच वर्षांत ते किती होतील? या चार उत्तरांच्या कागदावांचून जो खरेदीस जातो, त्याच्यासाठीं यंत्राची निवड दुकानदार करतो.

सर्वांत साधें यंत्र म्हणजे स्प्लिटर, अर्थात् विभाजक. एक चित्र आंत घेऊन त्याच्या दोन, चार किंवा आठ सारख्या प्रती तें बाहेर देतें. त्यास स्वतःची वीज लागते. बिनविजेचा दुतोंडी जोड थोड्या पैशांत मिळतो, परंतु वर सांगितलेला संवाद एका वेळीं दोन संचांशीं करण्याची अक्कल त्याला नसते, म्हणून तो घेऊं नये. विभाजकासारखाच दिसणारा स्विच याच्या अगदीं उलट काम करतो: अनेक यंत्रांपैकीं एकाचें चित्र तो एका संचाला देतो. दोहोंच्या डब्या सारख्या दिसतात; तेव्हां नांवापेक्षां ‘आंत किती, बाहेर किती’ हें वाचावें. विभाजकाची मर्यादा अंतराची. साध्या तांब्याच्या एचडीएमआय तारेवर दहा मीटरांपलीकडे फारसा विश्वास ठेवूं नये. फोर-के चित्राला तर तितकेंही अंतर पुष्कळदां पेलत नाहीं. एका खोलींत किंवा लागून असलेल्या दोन खोल्यांत चार संच लावावयाचे असतील, तर मात्र यापरतें स्वस्त व निश्चिंत साधन नाहीं.

निरनिराळ्या संचांवर निरनिराळें चित्र पाहिजे असेल तर मॅट्रिक्स नांवाचें यंत्र लागतें. चार यंत्रें आंत व चार संच बाहेर असल्यास कोणत्याही यंत्राचें चित्र कोणत्याही संचावर त्याला पाठवितां येतें. मोठ्या घरांत, जेथें एकास क्रिकेट व दुसऱ्यास बातम्या हव्यात, तेथें याचा उपयोग आहे. स्नेहसंमेलनाला तें घेणें म्हणजे नाकापेक्षां मोती जड.

अंतर वाढलें कीं चित्र संगणकाच्या जाळ्यासाठीं वापरतात त्या आठ धाग्यांच्या कॅट-सिक्स केबलींतून नेतात. एका टोंकाला पाठविणारी व दुसऱ्याला घेणारी अशा दोन डब्या असतात. यांत एचडीबेसटी ही पद्धति विशेष भरंवशाची. तिचा प्रसार करणारा संघ सन २०१० मध्यें स्थापन झाला. या पद्धतीनें हाय डेफिनिशन चित्र १०० मीटरांपर्यंत एका केबलींतून डोळ्यांना जाणवेल असा विलंब न होतां जातें, आणि कित्येक यंत्रांत पलीकडच्या डबीला लागणारी वीजही त्याच केबलींतून पुरविलेली असते. एक सावधगिरी मात्र राखावी. या केबलीचें तोंड संगणकाच्या केबलीसारखेंच असलें, तरी आंतील भाषा वेगळी आहे. तिला संगणकाच्या जाळ्याच्या स्विचमध्यें जोडूं नये. ती एका डबीपासून दुसऱ्या डबीपर्यंत अखंड जावी. विभाजक व अशा पाठविणाऱ्या डब्या एकाच पेटींत बसविलेलीं यंत्रेंही मिळतात. शाळेच्या कामीं तींच सोयीचीं.

वरील सर्व पद्धति घडी मोडल्यानंतर वांटणी करणाऱ्या. आतां घडी असतांना वांटणी करणाऱ्या पाहूं. संगणकाच्या साध्या जाळ्याची वाहकशक्ति सेकंदास एक अब्ज खुणांची. आपलें उलगडलेलें चित्र तीन अब्जांचें. तेव्हां तें घडी घालूनच पाठवावें लागतें. पाठविणारें एक यंत्र, मध्यें जाळ्याचा स्विच, आणि प्रत्येक संचापाशीं घडी मोडणारी एक डबी, अशी ही रचना. वीस, तीस, पन्नास, कितीही संच वाढले तरी केवळ डबी वाढवावी लागते, हा तिचा मोठा गुण. परंतु स्विच असा असावा कीं, ज्यानें मागितलें त्यालाच तो चित्र देईल. या सोयीस आयजीएमपी स्नूपिंग म्हणतात. ती नसली तर चित्राचा प्रवाह कचेरीच्या संगणकांकडेही धांवतो व सर्वांचेंच काम मंदावतें. चित्राचें जाळें कचेरीच्या जाळ्यापासून वेगळें ठेविल्यास हा त्रास मुळींच उरत नाहीं.

ज्या इमारतींत जुनी टेलिव्हिजनची जाड, गोल, कोॲक्सियल तार पूर्वींच खोलोखोलीं गेलेली आहे, तेथें मॉड्युलेटर हें यंत्र उपकारक होतें. तें आपल्या कॅमेऱ्याच्या चित्राची घडी घालून त्याचें एक लहानसें खासगी केंद्र बनवितें. संचावर तो क्रमांक लावला कीं चित्र दिसतें, आणि संचापाशीं निराळी डबी लागत नाहीं. मात्र संचांतील ग्राहक-भाग ज्या प्रकारचें प्रक्षेपण ओळखतो, त्याच प्रकारचा मॉड्युलेटर पाहिजे. आणि वर सांगितलेलें कुलूप ज्या चित्राला आहे, तें तो सहसा स्वीकारीत नाहीं.

विलंबाचा प्रश्न कित्येकांना क्षुल्लक वाटतो. तो तसा नाहीं. ध्वनि हवेंतून सेकंदास सुमारें ३४० मीटर जातो. सभागृहापासून ३४ मीटरांवरील वर्गांत खिडकींतून येणारें गाणें एक दशांश सेकंदानें ऐकूं येतें. त्याच वर्गांतील संच जर अर्धा सेकंद मागें असला, तर श्रोत्यांना तेंच गाणें दोनदां ऐकावें लागतें आणि दोन्ही नकोसें होतें. म्हणून जेथें सभागृहाचा आवाज प्रत्यक्ष पोंचतो, तेथें घडी न घालणारी पद्धति बरी. दूरच्या इमारतींत किंवा घरीं बसलेल्यांना अर्ध्या सेकंदाचा फरक कळतही नाहीं. त्यांच्यासाठीं जाळें, अथवा इंटरनेटवरील थेट प्रक्षेपण, योग्य.

आतां एक उदाहरण घेऊं. समजा, सभागृहांत एक कॅमेरा आहे आणि चित्र सहा वर्गांत दाखवावयाचें आहे. तारेच्या वाटेनें मोजलेलीं अंतरें १२, १८, २६, ४०, ५५ व ७० मीटर आहेत. सर्वत्र एकच चित्र पाहिजे; म्हणून मॅट्रिक्स नको. सर्वांत जवळचें अंतरही दहा मीटरांहून अधिक. म्हणून नुसता विभाजक पुरणार नाहीं. वर्गांच्या खिडक्यांतून सभागृहाचा आवाज येतो. म्हणून विलंब नको. पुढें दोन वर्ग वाढतील. यावरून आठ फांट्यांचा, एचडीबेसटी पद्धतीचा विभाजक व सहा घेणाऱ्या डब्या, हें उत्तर आपोआप निघतें. दोन फांटे पुढच्यासाठीं शिल्लक राहतात. हीच शाळा तीस वर्गांची असती व वर्ग दुसऱ्या इमारतींत असते, तर उत्तर जाळें किंवा मॉड्युलेटर असें आलें असतें. यंत्र चांगलें कीं वाईट हा प्रश्नच नव्हे. तें आपल्या कागदाशीं जुळतें कीं नाहीं, हा आहे.

विक्रेते येथें बहुधा फोर-केचा आग्रह धरतात. त्याचा निर्णयही गणितानें करतां येतो. निरोगी डोळ्याला एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढ्या कोनाहून बारीक भेद ओळखतां येत नाहीं. ५५ इंची पडद्याची रुंदी सुमारें १२२ सेंटिमीटर. तिला १,९२० नें भागल्यास एका बिंदूची रुंदी सुमारें ०.६३ मिलिमीटर येते. एवढा बिंदु सुमारें २.२ मीटर अंतरावर एक कलेचा कोन करतो. वर्गांत प्रेक्षक त्याहून दूरच बसतात; तेव्हां चौपट बिंदूंसाठीं दिलेला पैसा त्यांच्या डोळ्यांपर्यंत पोंचतच नाहीं. अंथरूण पाहून पाय पसरावे.

हा वांचलेला पैसा केबलीवर खर्च करावा, अशी आमची आग्रहाची सूचना आहे. यंत्र पुढें बदलतां येतें. भिंतींतील केबल बदलणें महाग पडतें. बाजारांत शुद्ध तांब्याची म्हणून जी केबल मिळते, तींत पुष्कळदां ॲल्युमिनियमच्या धाग्यावर तांब्याचा नुसता मुलामा असतो. धागा चाकूनें खरवडावा. आंतून पांढरा निघाला तर ती केबल परत करावी. असल्या धाग्याचा विद्युद्विरोध अधिक असल्यामुळें दूरचें चित्र ढासळतें, आणि केबलींतून वीज पाठविल्यास ती अधिक तापते. दोन स्वतंत्र इमारतींमध्यें तर धातूची तार नेऊंच नये. वळवाच्या व पावसाळ्याच्या दिवसांत जवळपास वीज पडली तर तिचा धक्का त्या तारेनें दोन्हीकडचीं यंत्रें जाळूं शकतो. तेथें कांचेच्या धाग्याची, म्हणजे फायबरची, केबल घालावी. तिच्यांतून प्रकाश जातो, विजेचा धक्का जात नाहीं.

शेवटीं खरेदीची रीत. सर्व यंत्रें एकदम न घेतां पाठविणारें एक व घेणारें एक एवढींच प्रथम आणावीं, आणि जवळच्या नव्हे तर सर्वांत दूरच्या वर्गांत, सर्वांत जुन्या संचावर, सतत दोन तास चालवून पाहावीं. तेथें चित्र टिकलें तर बाकीच्या वर्गांची काळजी फारशी उरत नाहीं. प्रत्येक केबलीच्या दोन्ही टोंकांना क्रमांकाची चिठ्ठी बांधावी, आणि केबल कोणत्या वाटेनें गेली त्याचा नकाशा काढून मुख्याध्यापकांच्या कपाटांत ठेवावा. कारण बसविणारा मनुष्य निघून जातो आणि शाळा तेथेंच राहते. हें मोजण्याचें व नकाशा काढण्याचें काम वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं अंगावर घ्यावें. त्यांत गणित आहे, पदार्थविज्ञान आहे, आणि दुसऱ्याचा पैसा जपून खर्च करण्याचें शिक्षणही आहे. साखळीचें बळ तिच्या सर्वांत दुबळ्या कडींत असतें. म्हणून अशा कामाचा आरंभ पहिल्या रांगेपासून न करतां, सर्वांत दूर बसणाऱ्यापासून करावा.